अमेरिकेत पोरांकडे गेलात तर दोघंच रेल्वेनं निघा : शिकागो ते कॅलिफोर्नियाची दोन रात्रींची गाडी, सगळं क्रमानं

सोलापुरातनं दरवर्षी कितीतरी आई-वडील मार्च-एप्रिलमध्ये, इथलं ऊन ४२-४३ वर जायच्या आत, पोरांकडे अमेरिकेला जातात आणि पाच-सहा महिने राहून येतात. तिथं काय होतं तर पोरगा-सून नाहीतर लेक-जावई सोमवार ते शुक्रवार कामात, आपण घरात, आणि शनिवार-रविवार मंदिर, मॉल नाहीतर गाडीतनं दोन-तीन तासांवर कुठंतरी. मोठी ट्रिप मात्र "सुट्टी मिळाली की करू" यावर अडकून राहते आणि तेवढ्यात परतीचं तिकीट जवळ येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांच्या सुट्टीची वाट बघू नका, तुम्ही दोघंच रेल्वेत बसा आणि अमेरिका आडवी पार करा. होतंय ओ. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी होतंय, गुडघे कुरकुरत असले तरी होतंय, पक्के शाकाहारी असलात तरी होतंय. फक्त आपल्या रेल्वेची सवय घेऊन गेलात तर काही गोष्टी उलट्या पडतात, म्हणून आधी तयारी नीट करावी लागते. आम्ही दोघांनी हा प्रवास केलाय, आमच्या ह्यांची सगळी नोकरी सोलापूर डिव्हिजनमध्ये रेल्वेतच गेली त्यामुळं ते प्रत्येक गोष्ट विचारून विचारून समजून घेत होते, ते सगळं इथं लिहिते.

गाडी कोणती

गाडीचं नाव कॅलिफोर्निया झेफिर. अ‍ॅमट्रॅक म्हणून तिथली प्रवासी रेल्वे आहे, तिची ही गाडी. शिकागोहून दुपारी दोनच्या सुमारास सुटते, दोन रात्री गाडीत जातात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या पुढे एमरीव्हिलला संपते, हे गाव म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरचा खाडीचा काठ. अंतर २,४३८ मैल म्हणजे आपले ३,९२४ किलोमीटर, वेळ टाइमटेबलप्रमाणे ५१-५२ तास. कर्नाटक एक्स्प्रेसनं सोलापूर ते दिल्ली जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट धरा. वाटेत इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का, कोलोरॅडो, युटा, नेवाडा आणि कॅलिफोर्निया अशी सात राज्यं लागतात. रोज एक गाडी जाते आणि एक येते, पश्चिमेकडं जाणारी ५ नंबर आणि परत येणारी ६ नंबर.

पोरं न्यू जर्सी-न्यूयॉर्कला असतील तर न्यूयॉर्कहून शिकागोपर्यंत लेक शोअर लिमिटेड नावाची रात्रीची गाडी आहे, ती सकाळी शिकागोला सोडते आणि दुपारी झेफिर मिळते, म्हणजे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत अख्खा प्रवास रेल्वेनंच होतो. शिकागोहून सिएटलला आणि लॉस एंजेलिसलाही लांबच्या गाड्या आहेत, पण पहिल्यांदा जाताय तर झेफिरच धरा, कारण रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा हे दोन्ही डोंगर हिला टाइमावर असली तर दिवसाउजेडी लागतात.

तारीख ठरवताना सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या

ही गाडी उशिरा पोचू शकते. तास-दोन तास तर धरूनच चालायचं, कधी त्याहून जास्त. याचं कारण समजून घेतलं की मग चिडचिड होत नाही. तिथं बहुतेक रुळ अ‍ॅमट्रॅकच्या मालकीचे नाहीतच, ते मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत. शिकागो ते डेन्व्हर बीएनएसएफचे आणि तिथून पुढं युनियन पॅसिफिकचे. कायद्यानं प्रवासी गाडीला आधी सोडायचं असतं, पण मालगाड्याच दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर लांब, त्या कितीतरी सायडिंगमध्ये मावतच नाहीत, मग काय, आपल्याच गाडीला बाजूला उभं राहावं लागतं. दौंड-सोलापूर लाईन दुहेरी व्हायच्या आधी आपण भाळवणी नाहीतर जेऊरला "क्रॉसिंग आहे" म्हणून किती वेळ उभं राहायचो ते आठवा, तोच प्रकार इथं डोंगरात होतो.

म्हणून पोचायच्या दिवशी विमान, लग्न, डॉक्टरची अपॉइंटमेंट असलं काहीही ठेवू नका. भारतात परतायचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून असेल तर मध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा सोडा, दोन सोडले तर अजून बरं. रेल्वेला रेल्वे जोडायची असेल तर दोन्ही एकाच बुकिंगमध्ये घ्या, पहिली उशिरा आल्यामुळं दुसरी चुकली तर अ‍ॅमट्रॅक पुढची सोय बघते, पण विमानाची जबाबदारी ते घेत नाहीत.

महिना कुठलाही चालतो. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, रात्री आठ-साडेआठपर्यंत बाहेरचं दिसतं, पण भाडं चढं असतं. सप्टेंबरच्या शेवटी कोलोरॅडोत अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक होतात, मला विचाराल तर तोच काळ सगळ्यात चांगला आणि बहुतेकांचं परतीचं तिकीटही त्याच्या आगेमागेच असतंय.

तिकीट

बुकिंग साधारण ११ महिने आधी उघडतं. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, तत्काळ नाही, चार्ट लागायची वाट बघणं नाही. जागा आहे तर कन्फर्म, नाही तर नाही. पण भाडं ठरलेलं नसतं, जसजसं भरत जाईल तसं वाढत जातं, त्यामुळं सोलापुरातनं निघायच्या आधीच पोरांना सांगून दोन-चार तारखांचे भाव बघून ठेवायला लावा, मंगळवार-बुधवार आणि शुक्रवार-शनिवार यात बराच फरक पडू शकतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकायला सांगा. ६५ च्या पुढच्यांना मूळ भाड्यात १० टक्के सूट मिळते, वय नीट भरलं की दिसते, खोलीचा चार्ज मात्र तेवढाच राहतो.

आता महत्त्वाचं. आपल्याकडं स्लीपर म्हटलं की बर्थ डोळ्यासमोर येतो, लोअर-मिडल-अपर. तिथं एक एक बर्थ विकतच नाहीत. एकतर खुर्ची, त्याला कोच म्हणतात, नाहीतर अख्खी खोली.

कोचची खुर्ची मोठी असते, बरीच मागं जाते, पाय ठेवायला आधार असतो, आपल्या एसी चेअर कारपेक्षा खूपच ऐसपैस. भाडं माणशी दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात पडतं. पण दोन रात्री बसूनच झोपायचं, पांघरूण देत नाहीत आणि एसी गार असतो. पंचविशीतली पोरं मजेत जातात. तुम्ही कोचनंच जायचं ठरवलं तर एक सोलापुरी चादर सोबत घ्या, तिथल्या घरात कुठल्यातरी कपाटात एक असतेच, आणि मानेची उशी घ्या.

साठीच्या पुढच्या जोडप्याला मी रूमेटच घ्या म्हणेन. ही दोघांची छोटी खोली. दोघांचं मिळून हजार डॉलरच्या वरच धरून चला, सीझनला बरंच वर. ऐकून छातीत धस्स होतं, पण त्यात दोघांची सगळी जेवणं येतात, दोन रात्रींचं हॉटेल वाचतं, आणि अंघोळीची सोय आहे. त्याहून मोठी बेडरूम असते, तिच्यात संडास-बाथरूम आतच, पण भाडं पार वर जातं. नातवंडं बरोबर असतील तर फॅमिली बेडरूम आहे, दोन मोठे दोन लहान, डब्याच्या पूर्ण रुंदीची, दोन्हीकडं खिडक्या. ती डब्यात एकच असते म्हणून लवकर जाते.

गुडघे दुखणाऱ्यांनी इथं थांबून नीट वाचा. गाडी दुमजली आहे. रूमेट १ ते १० वरच्या मजल्यावर आणि ११ ते १४ खाली. जिना अरुंद, वळणाचा आणि उभा आहे. खालची खोली घेतली तर चढायचं वाचतं, संडास-शॉवर तिथंच हाताशी, गाडी हलतेही कमी. पण एका डब्यातनं दुसऱ्या डब्यात जायची वाट फक्त वरच्या मजल्यावरनं आहे, म्हणजे जेवायच्या डब्यात जायचं तर जिना आलाच. त्यावर उपाय असा की अटेंडंटला सांगितलं तर तो जेवण खोलीत आणून देतो, यात संकोच करायचं काही कारण नाही. चढता येत असेल तर वरचीच घ्या, वरनं दिसतं जास्त. बुकिंग करतानाच खोलीचा नंबर बघा, बदलून हवा असेल तर फोन करून विचारायला पोरांना सांगा.

सामान आणि कागद

खोलीत मोठी बॅग मावत नाही. अजिबात नाही. विमानातल्या त्या २३ किलोच्या बॅगा शिकागोला काउंटरवर जमा करा, माणशी दोन फुकट जातात आणि एमरीव्हिलला परत मिळतात, गाडीच्या किमान पाऊण तास आधी द्याव्या लागतात, आपण सव्वा-दीड तास आधीच पोचलेलं बरं. मधली सुटकेस डब्याच्या दाराशी खालच्या मजल्यावर रॅक आहे तिथं ठेवायची. साखळी-कुलूप कुणी लावत नाही, पण पैसे, पासपोर्ट, दागिने असलेली पिशवी तिथं ठेवायची नाही, ती अंगावर. खोलीत एकच छोटी पिशवी न्यायची आणि तिच्यात दोन रात्रींचं सगळं, म्हणजे एक जोड कपडे, पातळ स्वेटर, रबरी चप्पल, टूथब्रश, औषधं, चष्मा, चार्जर.

त्या पिशवीत एक रिकामी प्लास्टिकची बाटली टाका. संडासात पाणी नसतं, नुसता कागद. बेसिनला बाटली भरून घ्यायची, प्रश्न मिटला. हे कुणी आधी सांगत नाही आणि आपल्या माणसांची पहिली अडचण हीच असते.

पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीची, प्रिंट जवळच ठेवा. गाडी देशातच फिरते, तिकीट तपासताना बहुतेक वेळा फोनवरचा कोड स्कॅन करून सोडून देतात, तरी आपण पाहुणे आहोत, कुणी अधिकाऱ्यानं विचारलं तर कागद दाखवता आला पाहिजे. तिकिटाची एक कागदी प्रिंटही घ्या, फोनची बॅटरी उतरली तर शोधाशोध नको.

बीपी-शुगरच्या गोळ्यांचं एक बघा. वाटेत घड्याळ दोनदा एकेक तास मागं जातं, दोन्ही वेळा रात्री. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं बदलत नाही. गाडीत सगळ्या वेळा त्या त्या ठिकाणच्या सांगतात. एका तासानं गोळीचं फारसं बिघडत नाही, पण इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

खाण्याचं

रूमेटवाल्यांची जेवणं तिकिटात आहेत, नाश्ता, दुपारचं, रात्रीचं. डायनिंग कारमध्ये बसून, टेबलावर, वाढून देतात. रात्रीच्या जेवणाला वेळ घ्यावी लागते, गाडी सुटली की थोड्या वेळानं डायनिंगचा माणूस डब्यात फिरतो आणि विचारतो किती वाजता, त्याला सांगायचं. आपण दोघं असलो तर चौघांच्या टेबलावर दुसऱ्या कुणा दोघांबरोबर बसवतात. याला घाबरू नका. समोरचे पहिला प्रश्न विचारतात, कुठून आलात आणि कुठं निघालात, एवढ्या इंग्रजीवर तास निघतो. आमच्यासमोर आयोवातला एक शेतकरी आणि त्याची बायको होती, आमच्या ह्यांनी त्याला मका किती एकरावर आहे ते विचारलं आणि मग ते दोघं पाऊस, भाव आणि खत यावरच बोलत बसले.

शाकाहारी पदार्थ मेनूत असतो, पण जेवणाला एखादाच, आणि मेनू बदलत राहतो. नुसतं "व्हेज" म्हणू नका, "नो मीट, नो चिकन, नो फिश" असं तीनही म्हणा, कारण मासा चालतो असं समजणारे तिथं पुष्कळ आहेत. अंडं चालत नसेल तर "नो एग" वेगळं सांगा आणि शेवटचा केकही मग विचारूनच घ्या. सकाळी ओट्स, फळं, ब्रेड, बटाटा असं काहीतरी मिळतंच. पण दोन दिवस सगळं सपक लागतं हेही खरं.

म्हणून आपली कडक भाकरी. सोलापुरातनं नेलेली कडक भाकरी या प्रवासाला जी कामाला येते ना, तसं दुसरं काही नाही. महिना महिना टिकते, फ्रिज लागत नाही, सांडत नाही, वास येत नाही. बरोबर शेंगाची चटणी, आणि स्टेशनवर जाताना दुकानातनं दह्याचा छोटा डबा घेतला की झालं. भारतातनं नेताना विमानतळावर खाण्याच्या वस्तू आहेत म्हणून सरळ सांगायचं, लपवायचं नाही. पण एक गोष्ट मनापासून सांगते, शेंगाची चटणी स्वतःच्या खोलीत, दार लावून खा. तिथं बऱ्याच लोकांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते आणि ती आपल्याला वाटते तशी किरकोळ नसते, लहान मुलांचा श्वास अडकतो, दवाखान्यात न्यावं लागतं. खाल्ल्यावर हात साबणानं धुवा, सीटवर सांडलेलं पुसा. तसंही बाहेरचं खाणं आपल्या खोलीत नाहीतर सीटवरच खायचा नियम आहे, डायनिंगमध्ये आणि बाहेरचं बघत बसायला मोठ्या काचांचा जो डबा असतो त्यात चालत नाही.

चहासाठी आल्याच्या प्रीमिक्सची पाकिटं न्या, गरम पाणी मागितलं की मिळतं. सकाळी जिन्याजवळ कॉफी ठेवलेली असते, ती फुकट आहे.

गाडीत बसायचा दिवस

शिकागोला युनियन स्टेशन, १९२५ चं, त्याचा मोठा हॉल बघण्यासारखा आहे म्हणून वेळ काढून जा. खोलीचं तिकीट असेल तर मेट्रोपॉलिटन लाउंजमध्ये बसता येतं, तिथंच सांगायचं की चालायला त्रास आहे, मदत करतात. पोरं नेपरविलकडं राहत असतील, आणि आपली पुष्कळ मंडळी तिकडंच आहेत, तर झेफिर नेपरविललाही थांबते, शिकागोनंतर अर्ध्या-पाऊण तासात. शहरात जायचं वाचतं, पण तिथं गाडी थोडाच वेळ उभी असते, स्लीपरचे डबे प्लॅटफॉर्मवर कुठं येतील ते आधी विचारून तिथंच उभं राहा.

प्लॅटफॉर्म खाली असतो, दाराशी पिवळा स्टूल ठेवतात, अटेंडंट हात देतो. तो तुमच्या डब्याचा माणूस, दोन्ही रात्री बिछाना तोच घालतो, सकाळी तोच उचलतो. त्याचं नाव विचारून घ्या, आपलं सांगा. टीप द्यायची पद्धत आहे, माणशी रात्रीचे पाच डॉलर धरून उतरताना हातात द्या, जेवणाच्या टेबलावरही दोन-चार डॉलर ठेवतात. सुटे आधीच करून घ्या.

आता खोली. रुंदी साडेतीन फूट, लांबी साडेसहा फूट, बस. समोरासमोर दोन रुंद सीट, मध्ये मोठी खिडकी, खिडकीखाली उघडमीट करायचं टेबल. रात्री त्या दोन्ही सीट पुढं ओढून एक होतात तो खालचा पलंग, आणि वरचा छतातनं खाली येतो. वरचा दोन फूटच रुंद आहे, डोक्यावर जागा कमी, उठून बसता येत नाही, पडू नये म्हणून छताला अडकवायचे पट्टे असतात ते लावायचेच. दोघांत जो सडपातळ आणि रात्री कमी उठणारा, तो वर. पलंग घातल्यावर उभं राहायला जेमतेम एका माणसाची जागा उरते, म्हणून कपडे बदलणं, गोळ्या घेणं, देवाचं म्हणणं हे सगळं अटेंडंटला बोलवायच्या आधी उरकून घ्या. दार सरकतं, आतनं कडी आहे, पडदा आहे. बाहेरनं कुलूप नाही. उशा, चादरी, ब्लँकेट, टॉवेल मिळतात. साडेनऊच्या सुमारास बिछाना घालायला सांगा, दहानंतर डब्यात सगळे हळू बोलतात, घोषणा बंद होतात. फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही, व्हिडिओ कॉल तर नकोच.

शॉवर खालच्या मजल्यावर, गरम पाणी चांगलं येतं. भल्या सकाळी सहाला जा, त्या वेळी रांग नसते. गाडी हलते म्हणून एका हातानं दांडा धरूनच.

काय दिसतं, कधी दिसतं

पहिला दिवस सपाट. संध्याकाळी बर्लिंग्टनजवळ मिसिसिपी ओलांडते, ती चुकवू नका, त्यानंतर आयोवाचा मका सुरू होतो आणि अंधार पडेपर्यंत संपत नाही, मंगळवेढ्याकडची ज्वारी थंडीत नजर जाईल तिथवर असते ना तसा. ओमाहा रात्री अकराच्या आसपास येतं, तोवर झोपा.

दुसरा दिवस सगळ्यात मोठा. सकाळी सातच्या पुढं डेन्व्हर, गाडी बराच वेळ उभी असते, खाली उतरून पाय मोकळे करा. निघाली की लगेच नाश्ता सोडून काचेच्या डब्यात जाऊन बसा, साइटसीअर लाउंज म्हणतात त्याला, खिडक्या छतापर्यंत वळलेल्या, सीटचं बुकिंग नसतं. डेन्व्हर सोडल्यावर गाडी डोंगर चढायला लागते आणि एका मोठ्या वळणावर रुळांच्या कडेला जुने मालडबे कायमचे उभे करून ठेवलेले दिसतात, आत वाळू भरलेली. डोंगरावरनं इतका वारा सुटतो की गाडीला आडोसा म्हणून ते तिथं ठेवलेत. आमच्या ह्यांनी हे ऐकल्यावर फोन बाजूला ठेवला आणि गाडी वळेपर्यंत त्या डब्यांकडंच बघत राहिले, चाकं रुळांना पक्की बांधलीत की काय ते त्यांना बघायचं होतं.

मग एकामागं एक बोगदे, आणि शेवटी मोफॅट टनेल. १९२८ मध्ये सुरू झालेला, १० किलोमीटर लांब, उंची २,८०० मीटरच्या वर. आत शिरायच्या आधी सांगतात की एका डब्यातनं दुसऱ्यात जाऊ नका, दारं उघडली की इंजिनाचा धूर आत येतो. दहा-पंधरा मिनिटं अंधार. हा बोगदा खंडाच्या पाणलोटाच्या खालून जातो, म्हणजे अलीकडं पडलेला पाऊस शेवटी अटलांटिकच्या बाजूला जातो आणि पलीकडचा पॅसिफिकच्या. उंचीमुळं थोडं डोकं जड वाटलं तर घाबरू नका, पाणी पीत राहा आणि हळू चाला. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

बोगद्यानंतर कोलोरॅडो नदी भेटते आणि मग दिवसभर ती आपल्याबरोबर. गोर कॅनियनमध्ये तर बाजूला रस्ताही नाही, ते दृश्य रेल्वेतनं नाहीतर नदीतनंच दिसतं. ग्लेनवूड स्प्रिंग्जला बरेच लोक उतरतात, गरम पाण्याचे झरे आहेत, मध्ये मुक्काम करायचा असेल तर हे गाव चांगलं, फक्त तिकीट दोन तुकड्यांत काढावं लागतं. संध्याकाळकडं लाल दगडांची रूबी कॅनियन येते, तिथं खडकावर कोलोरॅडो आणि युटाची हद्द रंगवलेली आहे, गाडीतनं वाचता येते. या भागात फोनला रेंज नसते, पोरांना सकाळीच सांगून ठेवा की संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही तर काळजी करू नका. आणि लाउंजमधली जागा तास-दोन तासांनी सोडायची, दुसऱ्यांनाही बघायचं असतं.

तिसऱ्या दिवशी जाग येते तेव्हा बाहेर नेवाडाचं वाळवंट. रिनो गेलं की गाडी सिएरा नेवाडा चढते, उंच पाइनची झाडं, खाली डॉनर लेक. डोंगरातली ही वाट मूळ १८६० च्या दशकातली. आपल्या सोलापुरात रेल्वे आली ती १८६० मध्ये, त्यानंतर थोड्याच वर्षांत इथं हजारो चिनी मजूर बर्फात ग्रॅनाइट फोडत होते, सुरुंगाची दारू आणि हातातली पहार यावर. १० मे १८६९ ला युटामध्ये प्रोमोंटरी समिटला पूर्वेकडनं आणि पश्चिमेकडनं आलेले रुळ जोडले गेले, त्या कामात किती मजूर गेले याची धड नोंदही नाही. खिडकीतनं बघताना हे माहीत असलेलं बरं.

उतरताना

सॅक्रामेंटो दुपारी येतं, तिथून पुढं सपाट. खोलीतलं सगळं आत्ताच गोळा करा, उशीखालचा चष्मा, चार्जर, बेसिनपाशी राहिलेले दात, सगळं बघा. डेव्हिस स्टेशन गेलं की पोरांना फोन करा, तिथून एमरीव्हिल साधारण दीड तास, त्याआधी कळवलेल्या वेळेचा भरवसा नसतो. मार्टिनेझच्या आधी मोठा पूल लागतो आणि मग गाडी पाण्याच्या अगदी कडेनं जाते, त्या वेळी उजव्या हाताला बसा.

भाचा-पुतण्या कुणी फ्रीमाँटकडं राहत असेल आणि मोठ्या बॅगा जमा केलेल्या नसतील तर एमरीव्हिलपर्यंत जायचीही गरज नाही, एक स्टेशन अलीकडं रिचमंडला उतरा, तिथंच बार्टची लोकल मिळते आणि ऑरेंज लाइन सरळ फ्रीमाँटला जाते. सॅन फ्रान्सिस्को शहरात जायचं असेल तर एमरीव्हिलहून अ‍ॅमट्रॅकची बस आहे, ती रेल्वेच्या तिकिटातच जोडून घेता येते, बुकिंग करतानाच शेवटचं ठिकाण सॅन फ्रान्सिस्को टाकायचं. जमा केलेल्या बॅगा यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर एकानं बाकावर सामानापाशी बसा आणि एकानं बॅगेच्या खिडकीपाशी जाऊन उभं राहा, पावतीचे तुकडे हातात तयार ठेवा.